काही करू नका, आजोबा

बिराप्पाला लकवा मारला, उजवा हात लुळा पडला आणि लेकानं, विश्वजितनं, त्याला माणमधून उचलून माधवनगरच्या खोलीत आणून ठेवलं. लेकाचं काही चुकलं नाही. पण सकाळी तो आणि सून सोनिया डबे घेऊन कामावर गेले, की दिवेलागणीपर्यंत बिराप्पा आणि चार भिंती. जन्मभर मेंढरांशी बोललेला माणूस. भिंतींशी काय बोलणार?

अशात फिजिओथेरपिस्ट अंकिता आली. हाताची हालचाल तपासायची एक इंग्रजी चाचणी तिच्या दवाखान्यानं मराठीत आणली होती. ती पेशंटवर पडताळून पाहायची होती. हात गुडघ्यावरून कानाशी न्या, मूठ उघडा, असं सांगत ती गुण टिपत गेली. मधेच मनगट धरून म्हणाली, "दुखतंय का, आजोबा?" बिराप्पाला भडभडून आलं. असं विचारणारं माणूस त्याला हवं होतं.

"आवं, च्या तरी घ्या."

"चहा नको. पुढच्या सोमवारी पुन्हा तपासते. तोवर नवीन काही करू नका. सगळं जमलं, तर दर महिन्याला येईन."

आता पाहुण्यानं 'काही करू नका' म्हणायचं आणि घरच्यानं चूल पेटवायची, ही आपली रीत. पाहुण्याचं असलं बोलणं खरं धरणारा चिक्कू ठरतो. बिराप्पानं आठवडाभर हात राबवला. घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, तरी सोडला नाही.

सोमवारी हातानं कान गाठला. बिराप्पा हसून तिच्याकडं बघायला लागला. अंकिताचा चेहरा उतरला.

"व्यायाम केलात?"

"व्हय. लय केला."

"अहो, परीक्षा चाचणीची होती, तुमची नाही. हात होता तसाच राहिला असता, तर दोन्ही वेळचे गुण सारखे येतात का, ते बघता आलं असतं. आता तुम्हाला यातून वगळावं लागणार."

"मी नापास?"

"छे! हात छान सुधारलाय. असंच करत राहा."

"मग तुमी... न्हाई येणार?"

"दुसरे पेशंट बघायला हवेत, आजोबा."

हात सुधारला म्हणून जीव तुटलेला माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात दुसरा नसेल.

सोनियानं थर्मासमध्ये चहा भरून ठेवला होता. उजव्या हातानं कप पुढं करायचा, हेही त्यानं मनाशी ठरवलं होतं. तो थर्मासकडं वळला.

"चहा नको हं, आजोबा," चपला घालत अंकिता म्हणाली.

या खेपेला बिराप्पानं ते खरं धरलं.