पाट्याची दुसरी बाजू

मी पाटा. कोरेगावजवळच्या एका वाडीत, नाथाजींच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी बसून बोलतोय. बोलणं झोंबलं तर राग मानू नका. जन्म मिरच्या वाटण्यात गेलाय.

मी काळ्या फत्तराचा. पाथरवटाने मला घडवलं, वरची बाजू सपाट करून छिन्नीने टोचे मारून टाकी लावली आणि खालची तशीच ओबडधोबड सोडली. जमिनीकडची बाजू, तिला कोण बघतंय! नाथाजींनी मला बाजारातून बैलगाडीत घालून आणलं. त्यांच्या बायकोने, बनुबाईंनी, माझ्यावर पहिलं वाटण वाटलं ते लसूण-मिरचीचं, उडदाच्या घुट्यासाठी.

घुटं म्हणजे या घराचा जीव की प्राण. काळी उडीदडाळ भाजायची, शिजवायची, घोटायची आणि त्यात माझ्यावरचं वाटण घालायचं. गुऱ्हाळावरून दमून आलेली माणसं त्यात भाकरी कुस्करतात आणि ओरपतात. लोक म्हणतात, चव डाळीची. म्हणू देत बापडे!

पंचेचाळीस साली नाथाजींच्या मुलाने, सयाजीने, लग्न केलं. तेव्हा आमच्या साताऱ्याकडे हुंडा, मानपान, जातपात बाजूला ठेवून नुसते हार घालून लग्नं लागायची, त्यातलंच हे एक. मुलगी सांगलीच्या जैन व्यापाऱ्याची, नाव राजमती. माहेरच्यांनी दार लावून घेतलं होतं. तिला आता हेच घर होतं, आणि या घराने अजून तिला आपलं म्हटलं नव्हतं.

"कांदा खात न्हाई, लसूण खात न्हाई, ही आमच्यात रुळायची कशी?" नाथाजी म्हणाले. "एकदा घुटं करून घाल म्हणावं. मग बगू."

राजमतीने पदर खोचला. बनुबाई शेतावर गेल्या होत्या, विचारायला कोणी नव्हतं. माहेरी उडीद पांढरा करूनच वापरायची रीत. काळी टरफलं तिला कचराच वाटली. अख्खी दुपार तिने भिजवलेली डाळ चोळचोळून धुतली आणि संध्याकाळी ताटात पांढरंशुभ्र घुटं वाढलं.

"ह्ये घुटं हाय का खीर?" नाथाजींनी विचारलं आणि सगळे हसले.

"अगं बया! टरफलातच तर त्येची चव असती," बनुबाईंनी कपाळावर हात मारला.

हसलो मीही, उगाच कशाला नाकारू? पण मला एक गोष्ट माहीत होती. राजमतीचा नियम होता, दिवस मावळल्यावर खायचं नाही. पुरुष गुऱ्हाळावरून यायचे दिवे लागल्यावर, आणि बायका जेवायच्या त्यांच्या मागून. म्हणजे पोर रोज रात्री उपाशी. दुपारीही नुसती ताक-भाकरी, कारण मला कितीही घासलं तरी माझ्यातला लसूण जात नाही. मला स्वतःचीच चीड यायची.

"मी आबास्नी सांगतो," सयाजी एकदा म्हणाला.

"इतक्यात नको. आधी तुमच्या घरचं मला जमू दे. मग माझं मागेन."

काय हिंमतीची बाई! दुसऱ्या दिवशी ती बनुबाईंच्या शेजारी बसली. डाळ टरफलासकट भाजली. लसूण हातात घेताना क्षणभर थांबली, मग माझ्यावर ठेवून असा वाटला की वरवंटाही दमला.

"पण आत्याबाई, चाखल्याशिवाय कळणार कसं?"

"वास घे. कच्चा वास गेला की उतरव."

नाकाच्या भरवशावर तिने घुटं केलं. नाथाजींनी पहिला घास घेतला. दुसरी भाकरी मागितली, मग तिसरी. नंतर म्हणाले, "पोरी, झ्याक केलंस. बस, आता तूबी जेव."

"आता नाही, मामंजी. दिवस मावळला."

"मावळला तर मावळला. मग?"

तेव्हा सयाजीने सगळं सांगितलं. नाथाजींचा हात ताटातच राहिला.

"आल्यापास्नं रोज उपाशी? आनि आमी हिला हसलो?" बनुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सकाळी पाथरवट आला. मला वाटलं, नेहमीची टाकी. पण नाथाजींनी मला चक्क पालथा करायला लावलं! जन्मभर जमिनीकडे असलेली ती बाजू छिन्नीने सपाट झाली. लय लागलं, पण ओरडलो नाही. बनुबाईंनी राजमतीसाठी लसूण न लागलेला नवा वरवंटाही घडवून घेतला.

"ही बाजू तुझी," त्या सुनेला म्हणाल्या. "मिरची, जिरं, कोथिंबीर, काय हवं ते वाट. हितं लसणाची पाकळी पडू द्यायची न्हाई मी."

आता चार वर्षं झाली. सयाजी मला रोज उलटतो, कुरकुरतो आणि दोन्ही घुटी चापून खातो. नाथाजी बिनलसणाचंही मागून घेतात. आमच्या दगडांतल्या शेंदूर फासलेल्या देवांनाही एवढा मान नसेल, एवढा या बाजूला आहे.

मंडळी, नव्या सुनेला तुमचं घुटं जरूर शिकवा. फक्त एकदा तुमचा पाटाही उलटून बघा. जड असतो, पण उलटतो.

थांबा, ऊन कललं. नाथाजी गुऱ्हाळ सोडून रोजच्यासारखे दारात आलेत. ती ऐका त्यांची हाक: "राजमती, दिस मावळाय आला. आमचं ऱ्हाऊ दे, आदी तू जेव."