बारा नंबरची चव

"काका, काऊन एक एक करून राह्यले?" ज्योत्स्नानं मागून डोकावून विचारलं.

सदाशिवराव मान न वळवता म्हणाले, "पान आडवं करतो. लीगल कागद, मार्जिन अर्धा इंच. सात गावं झाली, एकवीस राह्यली."

तालुक्याच्या या कचेरीत सदाशिवरावांनी तीस वर्षं कारकुनी केली होती. महिनाअखेरीस निवृत्ती होती. कॉम्प्युटरवर हातपंपांची गाववार यादी, प्रत्येक गावाचं वेगळं शीट, हे त्यांचं शेवटचं काम, आणि ते देखणं व्हावं म्हणून ते हट्टाला पेटले होते. यादीत 'चव' असा एक रकाना होता. जिथं 'खारे' लिहिलेलं असेल, तिथं यंदा नवी बोअर मिळणार होती. ही चव सदाशिवरावांनी गावोगाव सायकलीनं हिंडून, ओंजळीनं पिऊन लिहिली होती.

ज्योत्स्ना कंत्राटावरची कॉम्प्युटर ऑपरेटर, वय तेवीस. तिनं खालच्या एका शीटच्या नावावर उजवं बटण दाबून सगळी शीटं एकदम निवडली आणि पान एकदाच आडवं केलं. अठ्ठावीस गावं एका दमात आडवी! सदाशिवराव लहान मुलासारखे हरखले.

ती डबा खायला गेली. हिंगणीच्या बारा नंबरच्या पंपाची चव लिहायची राहिलेली त्यांना दिसली. बोर धरणाच्या जंगलाकडेचं ते पाणी आठवून त्यांनी आनंदानं लिहिलं, 'गोड'. सेव्ह केलं, फाईल बंद केली.

दुपारी छापील कागद चाळताना निशांतसाहेब थांबले. साहेब नवे इंजिनियर, पण वाचणारे. "सदाशिवराव, बारा नंबरचा पंप सगळ्याच गावांत गोड कसा?"

ज्योत्स्नाचा चेहरा उतरला. "काका, निवड तशीच राह्यली. एका शीटवर लिहिलेलं सगळीकडं गेलं. सोडवायचं मी सांगितलंच नाई तुमाले."

गावोगाव हातानं भरलेले जुने फॉर्म सदाशिवरावांनी स्वतःच रद्दीत घातले होते. यादी उद्या सकाळी वर्ध्याला जायची होती. त्यांनी खुर्ची ओढली, डोळे मिटले.

"रडू नको. एक एक गाव उघड. केळझर? बारा नंबर शाळेमागं. खारं. झडशी? गोड, पण गढूळ. घोराड? देवळाजवळचा, गोड."

पंप, झाड, तिथं बोलणारं माणूस, सगळं त्यांना दिसत होतं. ज्योत्स्ना लिहीत गेली. शेवटी वडगाव आलं आणि सदाशिवरावांनी डोळे उघडले.

"त्या दिवशी मले ऊन लागलं होतं," ते हळूच म्हणाले. "एकाच्या ओसरीवर बसूनच विचारून लिहिलं. मी प्यालोच नाई ते."

"मंग गोडच राहू द्या ना, काका. कोणाले कळते?"

"मले कळते." त्यांनी सायकल काढली.

वडगावच्या बारा नंबरवर धुरपता नावाची म्हातारी हंडा भरत होती. सदाशिवरावांनी ओंजळ पुढं केली. तिनं दांडा मारता मारता विचारलं, "बाबू, कोन्या ऑफिसातले?"

त्यांनी पाणी तोंडात धरलं. खारट, तुरट, जिभेला बसणारं.

"मावशी, डाळ शिजते काय या पाण्यात?"

"कुठची शिजते! मैलभर जातो आमी, डाळीपुरतं आनाले."

चौकातल्या पीसीओवरून त्यांनी कचेरीत फोन लावला. "ज्योत्स्ना, लिहून घे. वडगाव, बारा नंबर, खारं. एकट्याच शीटवर लिहजो, माय."

"एकट्याच, काका," ती हसून म्हणाली. "दोनदा पाह्यलं."

घरी पोचल्यावर बायकोनं पुढ्यात चहा ठेवला. सदाशिवरावांनी कप हातात धरला, पण बराच वेळ तोंडाला लावला नाही. जिभेवरची खारी चव त्यांना इतक्यात पुसायची नव्हती.