सदतीस नंबरचं पोट

“सदतीस नंबर कोणाचा हो?” सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“असेल कोणी मिरचीखाऊ,” अभिमन म्हणाला. काचांवर नुसते आकडे होते. नावांचं रजिस्टर त्याच्याच कपाटात. धुळ्याच्या त्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं मुरलेल्या तंत्रज्ञाला एवढं लपवता येतंच.

“मिरचीला उगीच बदनाम करू नका. बघा.”

त्याने पाहिलं. पुण्याहून बर्फात घालून मोनोक्लोनल अँटिबॉडी आली होती. एकाच पेशीच्या वंशातली, म्हणून तिचा कण न् कण एकच खूण ओळखणारा : पोटातल्या वळणदार जंतूचं विष. खूण सापडली की तिथे तपकिरी रंग चढतो. सदतीस नंबरवर तर कोणी कात सांडल्यासारखा चढला होता.

“जंतू आहे, तोही विषारी जातीचा. अल्सर त्याचाच. दोन आठवडे गोळ्या घेतल्या की बरा होईल. सांगा त्याला.”

“सांगतो,” सदतीस नंबर म्हणाला.

पण घरी काय सांगणार? गेली अकरा वर्षं, दर हिवाळ्यात, पाचोऱ्याला सासऱ्यांच्या मळ्यात भरीत-पार्टी व्हायची. कपाशीच्या वाळल्या काट्यांवर वांगी भाजली जात असताना अभिमन पोटावर हात ठेवून, बायकोकडे बघत पन्नास माणसांना सांगायचा, “यशोदाना हातनं तिखट! तिनीच जाळं!” माणसं पोट धरून हसायची. होता होता माहेरच्या बायकांनीही यशोदाबाईंना मिरची कुटायला बोलावणं सोडलं. त्या बाजूला बसून कांद्याची पात निवडत.

यंदा दोन आठवड्यांच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या आणि पोट पाहुणे पांगलेल्या लग्नघरासारखं शांत होतं.

“दाजी, पोट काय म्हनस?” मेहुण्याने, जीवरामने, नेहमीचा चेंडू टाकला. हसायला सगळे तयारच होते.

अभिमनने पोटाकडे नेलेला हात खाली घेतला. “पोटमा जंतू व्हता. बठ्ठं काम त्यानंच. यशोदाना तिखटना काय दोष नही.”

कोणी हसलं नाही.

“मनाच हातनं खाईसन माजना व्हई तो जंतू,” यशोदाबाई म्हणाल्या, आणि मग मळा खदखदला.

पलीकडे बाजेवर बसलेल्या सासऱ्यांनी, गिरधरनानांनी, कानामागे हात धरला. विहिरीवरची मोटार धडधडत होती. “काय म्हने जवाई?”

“काही नही, नाना,” अभिमन घाईने म्हणाला.

यशोदाबाई उठल्या. सावकाश विहिरीपर्यंत गेल्या आणि त्यांनी स्टार्टरचं लाल बटण दाबलं. धडधड विझली. पाटातलं पाणी मंदावलं.

“आते सांगा नानाले,” त्या तिथूनच म्हणाल्या, आणि पदर कानामागे सारून उभ्या राहिल्या.