डिझेलमधलं पाणी मी अडवत होतो

मी एक जुना वॉटर सेपरेटर आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर चिडलेलो आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हा डबा फार कडू बोलतो.

माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल. जे मला रोज घेऊन फिरतात त्यांनी तरी कुठे ऐकलंय? दिसायला मी तांब्याएवढा. ट्रकच्या टाकीतून इंजिनाकडे जाणारं डिझेल आधी माझ्या पोटात येतं. त्यात पाणी असेल तर ते जड, म्हणून माझ्या तळाच्या वाटीत बसतं आणि वरचं चांगलं डिझेल पुढे जातं. वाटीला खाली एक छोटी तोटी आहे. रोज सकाळी ती सैल करायची, खाली डबा धरायचा, पाणी संपून डिझेल यायला लागलं की पुन्हा आवळायची. दात घासायला याहून जास्त वेळ लागतो. पण नाही, तेवढंही माणसांच्याने होत नाही.

माझा जन्म अंबरनाथच्या एका कारखान्यातला. तिथे उमाबाई नावाच्या तपासनीस होत्या. त्यांनी मला उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा चांगला टिकेल गं." माझं जन्मात झालेलं कौतुक ते एवढंच.

पुढे मी चामटोलीच्या हरिचंद्रांच्या टँकरला लागलो. पाण्याचा टँकर बरं का. बदलापुरात नळाला पाणी नसलं की लोक ज्याची वाट बघतात, तो. हरिचंद्र स्वतः गाडी चालवायचे तोवर माझे दिवस बरे होते. सकाळी ते टँकरखाली वाकायचे, तोटी सोडायचे, निघालेलं पाणी बघायचे आणि पुटपुटायचे, "आज जास्ती आला." मला बरं वाटायचं. मग त्यांचे गुडघे गेले आणि गाडी त्यांच्या मुलाच्या, प्रीतमच्या हातात आली.

प्रीतम वाईट पोरगा नाही, सगळे असंच म्हणतात. माझ्या मात्र तो डोक्यात जातो. त्याने टँकरला रंगीत दिवे लावले, गोंडे लावले, तीन सुरांचा हॉर्न लावला. माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. रात्री कुणी डिझेल चोरेल म्हणून तो टाकी भरायचाच नाही. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरायची, रात्री गार पत्र्यावर तिचं पाणी व्हायचं आणि ते थेट डिझेलमध्ये उतरायचं. त्यात टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं. विहिरीवर टँकर भरताना वरून सांडलेलं पाणी त्या फटीतून आत जायचं. चोराला टाळलं, पाण्याला घरात घेतलं. असला शहाणपणा!

माझी वाटी भरत आली की माझ्या तळाची तार केबिनमधला एक लाल दिवा पेटवते. पण दसऱ्याला प्रीतमने गाडी सजवली, तेव्हा नेमक्या त्या दिव्याच्या जागी एकवीरा आईचं छोटं स्टिकर चिकटवलं. दिवा तेव्हा विझलेला होता. त्याला वाटलं, रिकामी जागा आहे. काही दिवसांनी माझी वाटी भरली, दिवा लागला आणि स्टिकर मागून लाल उजळलं.

"जनू, ये बघ," त्याने चुलतभावाला बोलावून दाखवलं. "आई कशी चमकते! अपनी गाडीपे आईचा हात आहे."

जनूने हात जोडले. प्रीतम तर रोज उदबत्ती ओवाळायला लागला. मी खाली गळ्यापर्यंत पाण्याने भरलो होतो आणि वर माझ्या हाकेची पूजा चालली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मित्रांनो. पण डब्याचा राग कोण विचारतो?

आता नीट ऐका. प्रीतमची आई काशीबाई. तिची मूत्रपिंडं निकामी झालीत. बदलापूर गावातल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये यंत्रावर तिचं रक्त साफ करतात आणि त्याला पुष्कळ पाणी लागतं. शुक्रवारी नळाचं पाणी बंद असतं, त्या दिवशी सेंटरला हाच टँकर पाणी देतो. म्हणजे आई यंत्राला जोडलेली आणि पाणी मुलाच्या गाडीत.

त्या शुक्रवारी नदीच्या पुलाआधीच्या चढावर माझ्याने आवरेना. पाणी माझ्यावरून पुढे गेलं, इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपात शिरलं. गाडीने पांढरा धूर सोडला, दोन गचके दिले आणि बंद पडली. प्रीतमचा फोन वाजला. हरिचंद्र सेंटरमधून बोलत होते.

"पोहोचला का रं? हितं टाकी संपत आली."

"बाबा, गाडी बंद पडली. स्टार्टच नाय होत."

"गारी बंद परली? तुझी आय मशीनवर हाय रं."

प्रीतम पुन्हा पुन्हा चावी फिरवत राहिला. मागे टँकरभर पाणी होतं आणि त्यातला एक थेंब तिच्यापर्यंत जात नव्हता. दुसरा टँकर मिळेपर्यंत सेंटरने यंत्रं बंद केली. काशीबाईला अर्ध्यातच यंत्रावरून सोडवून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली, पाय सुजले, आणि उल्हासनगरला दवाखान्यात हलवावं लागलं. ती वाचली. त्या वेळी मला प्रीतमची कीवही आली, खोटं कशाला बोलू.

गाडी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये रघु मिस्त्रीकडे ओढून आणली. रघुने नखाने ते स्टिकर सोलून काढलं. खाली लाल दिवा जळत होता.

मला वाटलं, आता तरी अक्कल येईल. पण खापर फुटलं माझ्यावर. हरिचंद्रांनी मला खोललं, आतली घाण बघितली आणि म्हणाले, "ह्याच्यामुलंच झाला सगला." ज्यांनी मला वर्षानुवर्षं साफ केलं, तेच! रघु म्हणाला, "इसको निकाल देते है, शेठ. पाइप डायरेक्ट मारतो. दिव्याची पण झंझट नको." घाई सगळ्यांनाच होती. त्यांनी पंप दुरुस्त केला, तार कापली, टाकीची नळी सरळ पुढे जोडली आणि मला या कोपऱ्यात भंगारात फेकलं.

मला इथे पडून राहायचं दुःख नाही, मित्रांनो. तुमच्या गल्लीत टँकर येतो, त्याच्या ड्रायव्हरकाकांना विचारा, तोटी सोडली का, टाकी रात्री भरून ठेवता का, झाकणाचं रबर धड आहे का. ते रागावतील. रागावू देत. आणि तुमच्यापैकी कुणी चामटोलीचं असेल, तर प्रीतमला आजच गाठा. इथे येणाऱ्या ड्रायव्हरांच्या बोलण्यातून कळतं, टाकी अजून रात्री रिकामी असते, रबर अजून फाटकं आहे, आणि आता पाणी अडवायला मधे कुणीच नाही. काशीबाई बरी होऊन घरी आली आहे. आज गुरुवार. उद्या नळाला पाणी नाही, आणि सकाळी यंत्रावर पहिली पाळी तिची आहे.