दुपारची वाढ

विभागाच्या गच्चीवर सौर पॅनेल चार होती, पैकी तीन चालू. चौथ्यावर माकडानं उडी मारून काचेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पाडल्या होत्या. पाण्याच्या टाक्या दोन, एक गळकी. मोठ्या टाकीच्या माथ्यावर लोखंडी खांब आणि त्याच्या टोकाला ऊनमापक: बशीएवढं यंत्र, वर लिंबाएवढा काचेचा घुमट. एक शिडी. शिडीला तारेनं बांधलेली पाटी, शांभवी अक्काच्या अक्षरात: "मोजमाप चालू आहे. वर चढू नये." आणि कोपऱ्यात दसऱ्याच्या आयुधपूजेला फोडलेल्या कोहळ्याची वाळलेली साल.

फुटलेलं पॅनेल नेमकं तेच होतं, ज्याला आम्ही लेप लावणार नव्हतो. बाकीच्या तिन्हींशी त्याची तुलना करायची होती. आता तुलना फक्त आधी आणि नंतर, एवढीच करता येत होती, आणि तिचा सगळा भार त्या ऊनमापकावर होता.

लेप अक्काचा. पॅनेलच्या काचेवर पडलेलं थोडं ऊन उलट फिरतं आणि फुकट जातं; ते आत घेणारा लेप तिनं भाताच्या तुसाच्या राखेतून केला होता. रायचूरच्या गिरण्यांतून पोत्यांनी राख आणायची, आम्लात धुवायची, भाजायची, पुन्हा धुवायची. पाच वर्षं तिच्या केसांना राखेचा वास येत होता. मी एम.एस्सी. होऊन नुकतीच तिच्या हाताखाली लागले होते. एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या समारंभात कुलगुरू लेपाची घोषणा करणार होते. जिल्ह्यातल्या शाळांच्या छपरांवर तो लागणार होता. अक्काची शिष्यवृत्ती त्याच महिन्यात संपत होती, आणि पुढची नेमणूक त्या घोषणेवर अडली होती.

भर दुपारी, लेपाआधी, शंभर भाग उन्हातून १४.२ भाग वीज निघत होती. लेपानंतर १५.४. आमच्या मोजण्यात ०.२ इकडेतिकडे धरायचे. म्हणजे वाढ मोठी होती. विभागप्रमुख हिरेमठ सरांनी अख्ख्या विभागाला मैसूरपाक वाटला होता.

तीस तारखेला मी समारंभाच्या फलकासाठी तासातासाचा आलेख काढत होते. अक्का समोर डबा उघडून बसली होती.

"अक्का, हे बघ ना. सकाळी आठला वाढच नाही. लेपाआधीची रेघ आणि नंतरची रेघ एकावर एक बसतात. साडेदहानंतर सुटतात, आणि दोनला पुन्हा चिकटतात."

"मग? ऊन दुपारीच असतं. सकाळचं काय मोजायचं?"

"पण काचेवरून ऊन उलट फिरतं ते तिरपं असताना जास्त. लेपाचा फरक सकाळीच जास्त दिसायला हवा होता."

अक्कानं भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"कुणाला दाखवलंस?"

"तुलाच."

"बरं. पुढं बोल."

"वीज वाढली असेल तर आकडा चढतो. पण ऊन कमी मोजलं गेलं असेल तरीही चढतो."

तेवढ्यात शरणप्पा चहा घेऊन आला. तो विभागाचा तंत्रज्ञ. लेथपासून भट्टीपर्यंत सगळं त्याच्या ताब्यात. धाकट्या बहिणीला म्हणावं तसं मला तंगी म्हणायचा.

"काय गं तंगी, मैसूरपाक पचला नाही वाटतं?"

"अण्णा, आयुधपूजेला तुम्ही टाकीवर चढला होतात?"

"न चढून कसं चालेल? लेथला कुंकू लावलं, भट्टीला लावलं, सरांच्या स्कूटरला लावलं. तो बंद पडलेला फ्रीज, त्यालासुद्धा लावलं. वर ते बिचारं एकटं ऊन खात उभं असतं, त्यालाच कोरडं ठेवू?"

"खाली पाटी आहे, शरणप्पा," अक्का म्हणाली.

"पाटीवर मोजमाप चालू आहे असं लिहिलंय. त्या दिवशी सगळं बंद होतं, अक्का."

ते खरंच होतं. पूजेच्या दिवशी कुणी यंत्र चालवत नाही. म्हणूनच तर आदल्या संध्याकाळी आम्ही लेप लावला होता, निवांत वाळावा म्हणून.

"कुठं लावलंत?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? कपाळावर." त्यानं स्वतःच्या भुवयांमध्ये अंगठा टेकवला. "काचेवर टिकत नाही, म्हणून तेलात कालवून लावलं. आणि बघ, वीज चढली की नाही! गेल्या वर्षी तेवढंच कुंकवाचं राहिलं होतं, तर वर्षभर हाती काही लागलं नाही तुमच्या. घरी सांगून ठेवलंय मी, अक्काच्या यशात आपलाही एक अंगठा आहे."

"आहे, शरणप्पा," अक्का म्हणाली आणि हसली. ते हसू मला बघवेना.

तो गेल्यावर ती बराच वेळ डब्याचं झाकण बसवत राहिली.

"तेलाचा एवढासा डाग किती ऊन अडवणार?"

"भर दुपारी सूर्य डागाच्या बरोबर मागं येत असेल. पुसल्याशिवाय कसं कळेल?"

"घुमट आपण एक तारखेला पुसतो. दर महिन्याला."

"एक तारखेला समारंभ आहे, अक्का."

"तेच म्हणतेय मी."

मी आलेख तिच्यापुढं सरकवला. तिचा आवाज चढला. "शाळांवर लेप लागला तर कुणाचं काय वाईट होणार आहे? विषारी नाही. काच खराब करत नाही."

"वीजही वाढवत नाही, कदाचित."

"कदाचित!" तिनं शब्द पकडला. "तुझ्या एका कदाचितवर मी पाच वर्षं पुसून टाकू?"

ती आलेख घेऊन गेली. संध्याकाळी मी खोलीत डोकावले, तेव्हा तो तिच्या टेबलावर पालथा पडला होता आणि ती राखेच्या पोत्यांची तोंडं एकेक करून शिवत होती. मला बघून तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती माझ्या दाराशी उभी राहिली. हातात कापूस आणि स्पिरिटची बाटली.

"चल. शिडी धरायला कुणीतरी हवं."

आभाळ कोरडं, निळं. खाली अंगणात शरणप्पा लाल-पिवळ्या पताका बांधत होता. अक्कानं पाटी सोडून माझ्या हातात दिली आणि वर चढली.

"आहे गं," वरून आवाज आला. "चिंचोक्याएवढा. कुंकू उडून गेलंय, तेलावर धूळ बसलीय."

मला फक्त तिच्या टाचा दिसत होत्या.

"अक्का?"

"पुसायच्या आधीचा आकडा सांग. मी बाजूला होते, माझी सावली पडेल."

मी शिडीजवळच्या नोंदयंत्राच्या पडद्यावर बघितलं. "१५.४."

"लिहून ठेव."

स्पिरिटचा वास खालपर्यंत आला. एकदा पुसलं, कापूस बदलून पुन्हा पुसलं. ती उतरली तेव्हा माझा फोन वाजत होता.

"सर आहेत," मी म्हणाले. "फलक छापायला टाकायचाय. १५.४ घालू का, विचारतायत."

"दहा मिनिटं थांबा म्हणावं."

यंत्र दहा मिनिटांची सरासरी काढून एक आकडा देतं. आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. ढग नव्हता. खालून शरणप्पा कुणाला तरी दोरी ओढून धरायला सांगत होता. अक्का कापसाचा तो तांबूस बोळा चिमटीत धरून होती, टाकत नव्हती.

पडदा बदलला.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."

"बारा वाजून दहा मिनिटं. १४.३."