चादरीचं दुसरं टोक

“बोला मावशी, घाबरू नका. नेमकं काय झालं?” लॉन्ड्रीच्या साहेबांनी विचारलं.

मावशींच्या तोंडाला कुलूप. एरवी हे तोंड गप्प बसावं म्हणून अख्खी लॉन्ड्री हात जोडायची! इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरच्या मशीनवर त्यांचा जन्म गेला होता. दोघींनी दोन टोकं धरून चादर आत सोडायची. बटण मावशींच्या हाताशी. दुसऱ्या टोकाला असायची एक तरुण पोरगी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्यासाठी मावशींनीच युक्ती काढली होती. बटण दाबण्याआधी चादरीला दोन झटके द्यायचे, म्हणजे ‘हात काढ’. पोरगी मान डोलवायची, मगच मशीन सुरू.

काल साहेबांनी सगळ्यांना जमवून भाषण ठोकलं, ‘सहकाऱ्याचे सोबती व्हा.’ मग या जोडीचा फोटो हवा म्हणून कॅमेरावाला मशीनपाशी आला.

“मावशी, इकडे बघा, हसा जरा!”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांचा फोटो काढत होतं. मावशींनी केस सारखे केले, हसल्या आणि हसता हसताच बटण दाबलं. झटके द्यायचे राहूनच गेले. पोरीची बोटं तापलेल्या रोलरखाली सापडली.

“तिला ऐकू येत नाही, म्हणूनच झालं ना हे?” साहेबांनी उत्तरही स्वतःच पुरवलं. “तिच्या भल्यासाठीच तिला आता कामावरून मोकळं करू. तुमच्यावर काही ठपका नाही.”

मावशींच्या डोळ्यांपुढे अंथरुणाला खिळलेला नवरा आला. त्या पुटपुटल्या, “हो साहेब. ऐकू येत नाही तिला.”

बोलून बाहेर आल्या आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी त्या पोरीच्या घरी गेल्या. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच निघाल्या होत्या. दार तिच्या आईनं उघडलं.

“या हो, सकाळपासून तुमचीच वाट बघतेय ती.”

उजव्या हाताला हे एवढं बँडेज बांधून पोरगी कॉटवर बसली होती. मावशींना पाहताच ती डाव्या हातानं भराभरा खुणा करू लागली. आई सांगत गेली, “विचारतेय, साहेब तुम्हाला रागावले नाहीत ना? म्हणतेय, झटक्यांचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. उगाच तुमची नोकरी जायची.”

मावशी कॉटच्या कडेला टेकल्या.

“आणि विचारतेय, बँडेज सुटलं की लगेच कामावर येऊ ना?”

पोरगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मावशींनी हळूच मान हलवली. हो.

पोरगी खुदकन हसली आणि तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं खिळ्याला तिचा निळा गणवेश टांगला होता, डाव्या हातानं इस्त्री केलेला. एक बाही तेवढी चुरगळलेलीच राहिली होती.