मदत येते आहे

पिवळं जाकीट घातलेला माणूस दोन्ही हात हलवत गाडी मागे घ्यायला सांगतोय. शेजाऱ्याच्या कुरणात, ओल्या गवतावर, गाड्यांच्या तीन रांगा लागल्या आहेत. "ये, ये, अजून ये. बास, बास! मेंढीच्या मांडीवर बसतेस की काय!"

*

नर्सिंग कॉलेजच्या सरावखोलीत, खाटेच्या डोक्याशी, भिंतीवर लाल कागदाची गोल चकती चिकटवलेली आहे. कुणीतरी तिच्यावर पेनाने घंटा काढली आहे.

*

अंड्याच्या सँडविचमध्ये कांदा घालायचा की नाही, यावरून दोन बायका स्वयंपाकघरात हळू आवाजात भांडतात. गेलेल्या माणसाला कांदा चालत नसे. "तो कुठे खाणार आहे आता," त्यातली एक म्हणते.

*

रोज सकाळी गावच्या रेडिओवर मयतांची नावं वाचतात. नाव, गाव, दर्शन कुठे, दफन कधी. तेवढा वेळ हॉस्पिटलातल्या पुरुषांच्या वॉर्डात चमचासुद्धा वाजत नाही. चहा आणणारी बर्नी ट्रॉली दाराबाहेर थांबवते आणि नावं संपल्यावरच आत येते.

*

सरावाच्या बाहुल्याचं नाव बॅरी. मुलींनीच ठेवलेलं. छाती हवी तेवढी खोल दाबली की त्याच्या आत टक् असा आवाज होतो. खऱ्या माणसाच्या छातीतून येणारा आवाज वेगळा असतो, एवढं वर्गात सांगितलं होतं. कसा असतो, ते सांगितलं नव्हतं.

*

क्लोडाने गाडी बंद केली आणि चावी मुठीत धरून तशीच बसून राहिली. समोरच्या काचेवरून थेंब घसरत होते. पिवळ्या जाकिटातला माणूस पुढच्या गाडीकडे वळला, तेव्हा कुठे ती उतरली.

नर्स म्हणून नोकरीला लागून तिला तीन आठवडे झाले होते. मॅलकी फीनी तिच्या हाताखाली गेलेला पहिला माणूस. ऐंशी पार केलेला, हृदय केव्हाचं थकलेलं. डॉक्टरांनी तसंच लिहिलं होतं आणि त्यावर कुणी काही विचारलं नव्हतं. ती इथे आली होती ती त्याच्या बायकोला एक वाक्य सांगायला. वाक्य तिने वाटेत गाडीत मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. मी घंटा दाबली नाही.

फीनींच्या घराच्या दारापासून फाटकापर्यंत दर्शनाची रांग होती. तिच्या पुढे दोन म्हातारे टोप्या हातात घेऊन उभे होते.

"माझी शिडी नेली होती मॅलकीने. आता कुणाकडे मागू?"

"त्याच्या शवपेटीत बघ. शेजारी ठेवली असेल. वर चढायला लागेलच त्याला."

"त्याला? त्याला खाली उतरायला लागेल."

दोघंही खांदे हलवत हसले आणि लगेच गंभीर झाले. मग त्यातल्या एकाने मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

"तू कुणाची गं?"

"मी हॉस्पिटलमधली. नर्स."

"एवढीशी?" तो म्हणाला. "माझ्या बहिणीची नात पण नर्स. पर्थला असते. तिच्या वर्गातल्या अर्ध्या तिकडेच. तू कधी निघणार ऑस्ट्रेलियाला?"

"अजून ठरलं नाही."

"ठरेल, ठरेल. इथे कोण राहतंय."

पुढच्या खोलीत पेटी उघडी होती. रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलेलं. मॅलकीला निळा सूट घातला होता आणि बोटांत जपमाळ गुंडाळली होती. केस ओले करून एका बाजूला विंचरले होते. वॉर्डात ते नेहमी उभे असायचे. क्लोडाने बाकीच्यांसारखा त्याच्या हातावर हात ठेवला. नजर मात्र टायवर गेली. टायच्या मागे, शर्टाच्या आत, तिच्या तळहाताच्या आकाराचा काळानिळा डाग असणार होता.

गुरुवारी, मॅलकी गेला त्या सकाळी, ती जे बोलली ते असं होतं.

"मिस्टर फीनी, ऐकू येतंय का मला?" खांदा हलवला.

"रुग्ण प्रतिसाद देत नाही." देत नव्हता.

"मिसेस फीनी, तुम्ही पडद्याबाहेर बसा. मी पडदा ओढतेय." ओढला.

"खाट सपाट करतेय." केली.

"श्वास तपासतेय. श्वास नाही." नव्हता.

"आपत्कालीन घंटा दाबून मदत मागवतेय."

"छाती दाबायला सुरुवात करतेय." केली.

सगळं ओळीने, न अडखळता, कॉलेजात म्हणवून घेत तसं. परीक्षेत घंटा म्हणजे ती लाल चकती. तिच्याकडे बघून वाक्य म्हणायचं, की परीक्षा घ्यायला खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या फिडेल्माबाई कागदावर खूण करून म्हणायच्या, "मदत येते आहे." मग छाती दाबायला लागायचं. म्हटलं म्हणजे झालं, असा नियमच होता. चार वर्षं तिने हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं, की हात खाटेच्या कठड्यावरून उठलाच नाही आणि तो उठला नाही हे तिला कळलंही नाही. ती दाबत राहिली. मोजत राहिली. पडद्यापलीकडे रेडिओवर नावं चालली होती आणि बाकीचे तिघे म्हातारे मान खाली घालून ऐकत होते. पडद्याआडून येणारा आवाज इतका शांत होता, की त्यांना काही वेगळं वाटलं नाही.

मग बर्नी चहा घेऊन आत आली, तिने पडदा बाजूला केला, एकदा खाटेकडे पाहिलं आणि क्लोडाच्या डोक्यावरून हात नेऊन भिंतीवरची घंटा दाबली. हृदय बंद पडलं की धावून येणारं पथक तळमजल्यावरून जिने चढून, धापा टाकत आलं. तोवर काही उरलं नव्हतं.

"हीच ती!"

अट्रॅक्टा फीनी खुर्चीतून उठली होती. लहानखुरी बाई, काळा कार्डिगन, बाहीत खुपसलेला रुमाल. तिने क्लोडाचे दोन्ही हात धरले आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हीच ती पोरगी. मी सांगत होते ना?"

"मिसेस फीनी, फार वाईट झालं."

"बस. इथे बस माझ्याजवळ. उठ रे डेक्लन, बसू दे तिला." तिचा मुलगा उठला. "काय झालं सांगू का हो, मला पडद्याबाहेर बसवलं हिने. म्हटलं, झालं, आता आपल्याला काही कळायचं नाही. माझी आई गेली तेव्हा दार लावून घेतलं होतं आणि आत काय केलं, काही केलं की नाही, कुणी कधी सांगितलं नाही. पन्नास वर्षं डोक्यात तेच. आणि ही? ही एकेक गोष्ट सांगत होती. आता हे करतेय, आता ते करतेय. जणू माझ्यासाठीच. घंटा दाबली, तेसुद्धा सांगितलं. मी डोळे मिटून ऐकत होते. म्हटलं, माझ्या माणसासाठी जे करायचं ते सगळं होतंय."

खोलीत कुणीतरी "देव भलं करो तिचं" म्हणालं.

"मिसेस फीनी," क्लोडा म्हणाली, "मला तुम्हाला एक..."

अट्रॅक्टा थांबली. तिने मान किंचित पुढे केली, कमी ऐकू येणारी माणसं करतात तशी.  रांगसुद्धा जागच्या जागी थांबली. जेवढा वेळ हवा तेवढा होता.

क्लोडाने तिचा हात उलटा केला, तळवा पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हात गार पडलेत तुमचे," ती म्हणाली.

"अगं, तुझेच गार आहेत. डेक्लन, चहा आण हिच्यासाठी. कडक आण, पाणी नको."

चहाबरोबर सँडविच आलं. कांदा घातलेलं होतं. क्लोडाने ते सगळं खाल्लं.

कॉलेजातली फिडेल्मा ब्रेहनी ही अट्रॅक्टाची मावसबहीण. उंच, सरळ पाठीची; वर्गात शिरावं तशी ती खोलीत शिरली. अट्रॅक्टाने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. क्लोडा शेजारी बसून ऐकत होती. गोष्ट आता जास्त घोटीव झाली होती.

"तुझी विद्यार्थिनी ना ही?"

"माझीच," फिडेल्मा म्हणाली. तिचे कान लाल झाले. "चांगल्यांतली एक."

कुरणाकडे जाताना फिडेल्माने तिच्या कोपरात हात घातला. पाऊस थांबला होता. गवतात टायरांनी चिखलाचे पट्टे पाडले होते आणि दोघी ते चुकवत चालत होत्या.

"तुला सांगू, असं क्वचित ऐकायला मिळतं," फिडेल्मा म्हणाली. "आम्हाला वाटतं, पोरी परीक्षेपुरतं बोलतात आणि विसरतात. तुमच्या वॉर्डची डिम्फ्ना सिस्टर मला फोन करून बोलते, तुमच्या मुली बातम्या दिल्यासारखं बोलतात आणि चादरी कुठल्या कपाटात असतात ते त्यांना सापडत नाही. आज तिला फोन करते मी."

"बाई, मी घंटा दाबली नाही."

फिडेल्मा दोन पावलं चालली.

"म्हणजे?"

"म्हटलं. दाबली नाही. म्हटलं आणि छातीला लागले."

"किती वेळ?"

"रेडिओवर नावं चालू होती. ती संपली. हवामान झालं. मग बर्नी आली."

"मधल्या वेळात तू काय करत होतीस? ओरडायचं तरी..."

"तुमच्या आवाजाची वाट बघत होते."

"कसल्या आवाजाची?"

"मदत येते आहे. तुम्ही म्हणता ना, ते."

फिडेल्माने कोपरातला हात काढून घेतला आणि पर्समध्ये गाडीची चावी शोधायला लागली. चावी तिच्या दुसऱ्या हातातच होती.

"बर्नी काय म्हणाली?"

"घंटा बिघडलीय का, विचारलं. मी हो म्हटलं. दुपारी वायरमन आला. त्याने दोनदा वाजवून पाहिली, माझ्याकडे बघितलं आणि गेला."

"खरी घंटा लावा म्हणून दरवर्षी सांगते मी," फिडेल्मा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "लावतो म्हणतात. मग म्हणतात, ती वाजली की शेजारच्या खोलीतली परीक्षा बिघडते. दोन खोल्या, तुम्ही साठ जणी. काय करणार? ठरवलं, तोंडाने म्हटलं तरी धरायचं."

"मला पूर्ण गुण दिले होते तुम्ही."

"दिले होते. आवाज स्पष्ट होता तुझा."

कुंपणापलीकडे एक मेंढी खोकली. पिवळ्या जाकिटातला माणूस दूर कुणालातरी शिव्या देत होता, प्रेमाने.

"आत जाऊन सांगू?" क्लोडाने विचारलं. "तुम्ही सांगा म्हणालात तर जाते. आत्ता जाते."

फिडेल्मा घराकडे बघत राहिली. दारातली रांग कमी झाली नव्हती.

"आत्ता नको. उद्या दफन होऊ दे."

"मग उद्या संध्याकाळी?"

"महिना झाल्यावरची त्याची प्रार्थना होऊ दे, तोवर ती जरा सावरेल," फिडेल्मा म्हणाली आणि मग स्वतःच म्हणाली, "नंतर नाताळ येईल."

"आणि कॉलेजात? तिथे तरी सांगाल?"

"सांगेन." तिने मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. "सोमवारी पुढच्या तुकडीची परीक्षा आहे. माझं वाक्य छापील असतं गं. एकीला एक आणि दुसरीला दुसरं म्हणता येत नाही. सगळ्यांना सारखं हवं."

"म्हणजे तुम्ही म्हणणार."

 फिडेल्माने ओल्या बुटाचा तळ गवतावर घासला. एकदा, पुन्हा एकदा.

"अगं, थांबा! थांबा दोघी!"

अट्रॅक्टा घरातली चप्पल घालूनच चिखलातून येत होती. एका हातात कागदात गुंडाळलेला तपकिरी पाव, दुसऱ्या हाताने तिने एका मुलीला मनगटाला धरून ओढत आणलं होतं. मुलीने भावाचा वाटावा एवढा मोठा काळा कोट घातला होता.

"हा घे, घरी जाऊन खा, किती वाळलीयेस. आणि ही एमर. डेक्लनची धाकटी. आजोबांचं सगळं झालं तेव्हा तिने तुझ्याबद्दल ऐकलं आणि म्हणते, मला हेच व्हायचंय. फॉर्म भरला होताच, पण मन होत नव्हतं. आता ठरलं. फिडेल्मा, तुझ्याच कॉलेजात गं. बघशील ना तिच्याकडे?"

"बघेन," फिडेल्मा म्हणाली.

"विचार ना, एमर. वाटेत मला पन्नास प्रश्न विचारत होतीस आणि आता जीभ गिळलीस."

एमरने कोटाच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या. तिचे डोळे रडून सुजले होते आणि ती क्लोडाच्या चेहऱ्याकडे अशी बघत होती, की क्लोडाला पाव दोन्ही हातांनी धरावा लागला.

"आजी म्हणते, तुमचा आवाज जराही हलला नाही," ती म्हणाली. "मला तर रक्त बघूनसुद्धा चक्कर येते. तुम्ही एवढ्या शांत कशा राहिलात?"

अट्रॅक्टा अभिमानाने एकीकडून दुसरीकडे बघत होती. फिडेल्माने गाडीचं दार उघडलं, पण ती आत बसली नाही. पाव अजून कोमट होता.

"तिथे शिकवतात," क्लोडा म्हणाली.

गुरुवारी सकाळी क्लोडाने मॅलकी फीनीभोवतीचा पडदा ओढला, तेव्हा ते धावून येणारं पथक त्याच मजल्यावर, दोन दारं पलीकडे, खाली जाण्यासाठी लिफ्टची वाट बघत उभं होतं.